पणजोबा खरंच कुतच्या वेढ्यात होते का? घरच्या गोष्टी आणि तारखा काही केल्या जुळत नाहीयेत

खाडीपलीकडचा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत असतो, आज प्रश्न घेऊन आलोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विषय माझ्या पणजोबांचा. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुका. ते पहिल्या महायुद्धात गेले होते एवढं नक्की, कारण देव्हाऱ्याखालच्या पेटीत त्यांचं एक मेडल आहे, दसऱ्याला बाहेर निघतं, हळदकुंकू लागतं आणि परत आत जातं. बाकी सगळं तोंडी. आणि सांगणारी आता एकच उरलीय, बाबांची आत्या, म्हणजे आमची आत्याआजी, नव्वदी पार केलीय पण डोकं एकदम शाबूत.

ती सांगते ते असं. जन्म 'पलेगाच्या साली'. ऐन जवानीत लढाई लागली म्हणून भरती झाले, पाठोपाठ धाकटा भाऊ पण गेला, तो परत आलाच नाही. पणजोबा 'बसऱ्याला' होते, तिथे तुर्कांनी कोंडून ठेवलं, खायला काही उरलं नाही तेव्हा घोड्याचं मांस खावं लागलं, परत आल्यावर गावाने त्यासाठी प्रायश्चित्त घ्यायला लावलं. घरी आले तर मानमोडीची (१९१८ चा इन्फ्लुएंझा) साथ चालू, पहिली बायको त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मग दुसरं लग्न, त्यातून आमचे आजोबा. मग मुंबईला गिरणीत, मग 'मोठ्या संपात' सगळं बिऱ्हाड घेऊन गावी. आणि हो, रामदास बोट थोडक्यात चुकली म्हणून वाचले.

नेटवर बघितलं तर बसरा + कोंडलं + घोड्याचं मांस म्हणजे सरळसरळ कुत-अल-अमाराचा वेढा (आजच्या इराकमध्ये तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली तो), डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. चुलतभावाने तेवढ्यावर फॅमिली ग्रुपवर 'कुतचे वीर' म्हणून पोस्टर पण फिरवलं. पण कुतचे लोक तर कैद झाले ना, सुटले ते लढाई संपल्यावर, मग मानमोडीत घरी कसे? आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१८ आहे, म्हणजे १९१७ ला पणजोबा घरी, आणि तेही दुसरं लग्न होऊन?? डोकं गरगरायला लागलंय. सुरुवात कुठून करायची सांगा.

पलटणीतला_नातू:

सुरुवात मेडलपासून करा, कारण तुमच्याकडे त्या काळातली वस्तू ती एकच आहे, बाकी सगळं नंतर सांगितलेलं.

गोल आहे का? एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसरीकडे घोड्यावर बसलेला माणूस, १९१४ आणि १९१८ असे आकडे, हे असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. दुसरं एक येतं पंख असलेल्या बाईचं, ते व्हिक्टरी मेडल. कोणतंही असो, चेहरा बघायचा नाही, कड बघायची. बाजूच्या जाडीवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शंभर वर्षांचं हळदकुंकू बसलं असेल तर कोरड्या मऊ कापडाने हलकं पुसा, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही लावू नका प्लीज, अक्षरं झिजतात. मग अंधारात टॉर्च तिरका धरून कडेचे तुकड्यातुकड्यात फोटो काढा.

धातू पण बघा. वॉर मेडल चांदीचं असेल तर लढणारा शिपाई. कांस्याचं असेल तर बहुधा फॉलोअर किंवा लेबर कोअर, म्हणजे हमाली, खेचरं, रस्ते, रेल्वे, त्या कामावरचा माणूस. त्यात कमीपणा काही नाही, पण मग शोधायचं दप्तर बदलतं.

अजून एक, घरात चांदणीच्या आकाराचं, वर १९१४-१५ लिहिलेलं काही होतं का? विचारून ठेवा, का ते नंतर सांगतो.

जुनं_दप्तर:

मेडलचं दादा बघतायत, मी कागदांचं सांगते.

१ जून ही जन्मतारीख नसते हो, ती मास्तरांची तारीख असते! आईबापाला तारीख माहीत नाही, मुलगा शाळेत घालायला आणलाय, जूनमध्ये शाळा सुरू होते, तर मास्तर अंगाने बघून सहा-सात वर्षं मागे जाऊन १ जून लिहून मोकळे. महाराष्ट्रात अर्ध्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस १ जूनला असतात ते काय उगाच. म्हणजे १९१८ मध्ये दोन-तीन वर्षं इकडेतिकडे सहज धरा. त्याच दाखल्यावर किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळेत *दाखल केल्याची* तारीख असेल, ती बघा. ती ज्या दिवशी लिहिली त्याच दिवसाची असते, त्यामुळे तिच्यावर जास्त विश्वास. 'यापूर्वीची शाळा' असा रकाना पण असतो, मुंबईची शाळा लिहिली असेल तर सोन्याहून पिवळं.

'प्लेगच्या साली' म्हणजे नेमकं कधी? प्लेग मुंबईत सप्टेंबर १८९६ ला सापडला, पुण्यात १८९७ ला रँडचं प्रकरण झालं, पण साथ काही एका वर्षात गेली नाही, पुढची दहा-पंधरा वर्षं फिरून फिरून येत राहिली. त्यामुळे नुसतं 'प्लेग' म्हटलं तर १८९६ ते १९१० मधलं काहीही. आणि १९०५ चा जन्म असेल तर लढाईच्या वेळी दहा-बारा वर्षांचं पोर. घरात पत्रिका, जन्मटिपण, गावच्या भटजींनी लिहून दिलेलं चिटोरं, काही आहे का? त्यात शक नसला तरी संवत्सराचं नाव असतं, तेवढं पुरतं.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, कोतवाल बुक. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने २०२३ पासून जुनी दप्तरं उघडली गेली, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून वेबसाइटवर पण टाकलीत, त्यात तुमचं गाव आहे का आधी घरबसल्या बघा. मोडीत असेल. पहिल्या पणजीचा मृत्यू तिथे सापडला तर निम्मं कोडं सुटलं.

खाडीपलीकडचा:

अरे बापरे, काय फास्ट उत्तरं. शनिवारी गावी गेलो होतो, अपडेट देतो.

मेडल चांदीचं आहे, घोडेस्वारवालं. कड मोबाईलने टिपली, वाचताना अंगावर काटा आला. इंग्रजीत आहे: चार आकडी नंबर, मग 'सिपॉय', मग पणजोबांचं नाव आणि आडनाव (स्पेलिंग भयंकर आहे पण तेच), मग ११४ मराठाज.

चांदणी कोणालाच आठवत नाही. आत्याआजी म्हणते तिच्या लहानपणापासून हे एकच.

जन्मटिपण आहे! पोथीत घडी करून ठेवलेलं, निम्मं वाळवीने खाल्लंय, शकाचा आकडा गेलाय पण 'हेमलंबीनाम संवत्सरे' एवढं चक्क वाचता येतंय. पुढे काय करू?

जुनं_दप्तर:

वा! संवत्सरं साठ, साठ वर्षांनी तेच नाव परत. हेमलंबी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर होऊन गेलं, २०१७ चा गुढीपाडवा ते २०१८ चा पाडवा. त्यातून साठ-साठ वजा करा: १९५७, १८९७, १८३७. लढाईला जाणारा माणूस १८९७ चाच. म्हणजे शके १८१९, १८९७ चा पाडवा ते १८९८ चा पाडवा. रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७, त्याच संवत्सरात. म्हणजे आत्याआजीचा 'पलेग' अगदी बरोबर निघाला, आणि १९१७ ला ते वीस वर्षांचे.

पलटणीतला_नातू:

आता माझी बाजू.

कुतमध्ये इंग्रज जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी पुणे डिव्हिजन होती. त्यात मराठ्यांच्या पलटणी तीन: १०३, ११० आणि ११७. ११४ त्यात नव्हती. ती मेसोपोटेमियातच (आजचा इराक) होती पण तिचं नाव गाजलं ते अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ च्या शरकातच्या लढाईत, मोसूलच्या अलीकडे तैग्रिस नदीवर. ती लढाई ३० ऑक्टोबरला तुर्कांनी शस्त्रं टाकून संपली आणि त्याच दिवशी मुद्रोसला तुर्कांशी युद्धबंदीवर सही झाली.

चांदणी का विचारली ते सांगतो. १९१४-१५ स्टार मिळायचा तो १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोचलेल्याला. कुतचा वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला. म्हणजे जो आत अडकला तो १९१५ मध्येच तिथे असणार आणि त्याला स्टार मिळणारच. तुमच्याकडे स्टार नाही. आता म्हणाल हरवला असेल, शक्य आहे, पण विचार करा, अडीअडचणीला सोनाराकडे जातं ते चांदीचं मेडल. कांस्याचा स्टार घेऊन सोनार काय करणार? तुमच्याकडे चांदीचं टिकलं आणि कांस्याचं गेलं हे जरा उलटं वाटतं. पोरांनी खेळताना घालवला असेल तर माहीत नाही.

एक सांगून ठेवतो, एका पलटणीतून दुसरीकडे ड्राफ्ट म्हणून माणसं सर्रास पाठवली जायची, त्यामुळे कडेवरच्या पलटणीवरून माणूस प्रत्येक दिवशी कुठे होता हे शंभर टक्के ठरत नाही. पण ११४, स्टार नाही, आणि १९१५ ला वय अठरा, हे तिन्ही एकत्र ठेवलं तर मी कुतवर पैसे लावणार नाही. १९१६-१७ च्या पुढची भरती धरा. शेवटच्या दोन वर्षांत सरकारला माणसं कमी पडत होती आणि आपल्याकडे भरतीचा जोर भयंकर होता.

'बसरा' शब्दावर जाऊ नका. मेसोपोटेमियाला जाणारा प्रत्येक जण बोटीतून बसऱ्यालाच उतरायचा, त्यामुळे जुन्या लोकांसाठी ती अख्खी आघाडी म्हणजे बसरा.

खाडीपलीकडचा:

मग घोड्याचं मांस कुठून आलं? आत्याआजी प्रायश्चित्ताचं इतकं डिटेलमध्ये सांगते, खोटं कसं म्हणू. आणि मानमोडी?

जुनं_दप्तर:

खोटं कोणीच म्हणत नाहीये. पण आत्याआजींचा जन्म कधीचा? १९३०-३५ चा असणार. म्हणजे हे सगळं त्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, बहुतेक त्यांच्या आईकडून, आणि ती आई म्हणजे दुसरी बायको, जी स्वतः लढाईनंतर घरात आली. दोन तोंडांतून गोष्ट आलीय, त्यात घटना खऱ्या राहतात पण त्यांचा क्रम आणि कोणाच्या बाबतीत घडलं ते हलतं.

मानमोडीचं बघा. मुंबईत पहिली लाट जून १९१८ ला आली, पण माणसं किड्यामुंगीसारखी मेली ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत. पणजोबा ऑक्टोबर अखेरीला शरकातला असतील तर त्या वेळी घरी असणं शक्यच नाही. मग दोनच रस्ते राहतात. एक, पणजी त्यांच्या माघारी गेल्या आणि त्यांना आल्यावर कळलं, पुढे सांगताना ते 'डोळ्यांदेखत' झालं. दुसरा, साथीचं शेपूट १९१९ मध्ये पण होतं, त्यात गेल्या असतील. कोतवाल बुकात मृत्यूची तारीख आणि कारण दोन्ही लिहिलेलं असतं. कारणाच्या जागी फार वेळा नुसतं 'ताप' असतं, त्यावर थांबू नका, आधीची-नंतरची पानं बघा. एकाच महिन्यात पानंच्या पानं 'ताप' दिसली की समजायचं.

पलटणीतला_नातू:

+१. आणि लढाई संपली म्हणून लगेच घरी पाठवलं असंही नाही. इराकचा ताबा ठेवायला फौज तिथेच होती, त्यात १९२० ला तिकडे मोठा उठाव झाला. १९१९ ते १९२१ मध्ये कधीतरी परत, मग दुसरं लग्न, मग तुमचे आजोबा १९२०-२२ च्या सुमारास. मास्तरांच्या १ जून १९१८ पासून फार लांब नाही.

गिरणगावकर:

मधेच घुसतो, गिरणीचा विषय निघालाय म्हणून.

'मोठा संप' म्हटलं की सगळे १९२८ म्हणतात, एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने गिरण्या बंद, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. कोकणातल्या माणसांनी त्या वेळी खरंच बिऱ्हाडं गावी हलवली, पावसाळा होता, निदान शेती तरी होईल. पण जपून. १९१९, १९२०, १९२४, १९२५, १९२८, १९३४, दर थोड्या वर्षांनी मोठे संप झालेत आणि ज्याने जो सोसला त्याच्यासाठी तोच मोठा. ताईंनी शाळेच्या रजिस्टरचं सांगितलं ते इथे कामाला येईल. आजोबा जून-जुलै १९२८ ला सहा-सात वर्षांचे असताना गावच्या शाळेत दाखल झाले असतील आणि आधीची शाळा मुंबईची असेल तर संप १९२८ चा आणि जन्म १९२१-२२ चा, एका दगडात दोन पक्षी.

आणि रामदास बोटीबद्दल बोलू का? राग मानू नका. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसला! ऐन आषाढात. पावसाळ्यात लांबच्या किनाऱ्यावरच्या बोटी बंद असायच्या, दाभोळ-हर्णैकडे जाणारा खेडचा माणूस त्या बोटीत चढेल कशाला? अलिबागला पाहुणे असतील तर गोष्ट वेगळी. कोकणात प्रत्येक घरात एक तरी जण रामदास बोट चुकलेला असतो, एवढी माणसं खरंच चुकली असती तर बोट रिकामीच गेली असती. आमच्याकडे दोघं आहेत.

माझं म्हणणं एवढंच की मोठी घटना दिसली की आपला माणूस तिच्यात नेऊन बसवायचा मोह होतो. उलटं करा. आधी माणसाचे कागद लावा, मग त्या वर्षी आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. शरकातला लढून आलेला माणूस बायको गेलेली बघतो, मग मुंबईत खात्यात मशीनवर उभा राहतो आणि सहा महिने पगार नाही म्हणून परत नांगर धरतो, यात कुत नसलं तरी काय बिघडलं?

खाडीपलीकडचा:

रामदासचं वाचून बायको हसून हसून लोळतेय, तिच्या माहेरी पण एक आहेत 😄

पण घोडा अजून डोक्यातून जात नाहीये.

पलटणीतला_नातू:

मला वाटतंच होतं तुम्ही परत विचारणार. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय बघा, धाकटा भाऊ पण गेला होता आणि परत आला नाही. त्याची पलटण माहीत आहे का?

कुतमध्ये घोड्याच्या मांसाचा प्रकार खरा घडलेला आहे. हिंदी शिपायांनी बरेच दिवस नकार दिला, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तेव्हा कुठे एप्रिल १९१६ मध्ये बऱ्याच जणांनी खायला सुरुवात केली. शरण गेले तेव्हा हिंदी आणि गोरे मिळून साधारण तेरा हजार माणसं होती. त्यातल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, खूप जण वाटेत गेले, हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. जे वाचले ते १९१८ नंतर गावोगाव परतले आणि हीच गोष्ट सांगत राहिले. म्हणजे ती तुमच्या घरात दोन दारांनी येऊ शकते: भाऊ तिथे होता (धाकटा आणि पाठोपाठ गेलेला म्हणजे १९१५ ला वय फारच कमी भरतं, पण तो क्रमही सांगण्यात हलला असेल) आणि त्याच्यासोबतच्या कोणीतरी घरी येऊन सांगितलं, किंवा पंचक्रोशीतल्या दुसऱ्याच कोणाची गोष्ट पणजोबांना चिकटली. प्रायश्चित्त मात्र परत आलेल्या माणसालाच घ्यावं लागणार, त्यामुळे ते पणजोबांचं असू शकतं, समुद्र ओलांडला म्हणून, परमुलखात काहीबाही खाल्लं म्हणून. कारण नंतर बदललं असेल.

भावाचं शोधणं पणजोबांपेक्षा सोपं आहे, विचित्र वाटेल पण लढाईत मेलेल्याचे कागद जिवंत आलेल्यापेक्षा बरे सांभाळलेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट सर्च आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर नसलेल्यांची नावं बसरा मेमोरियलखाली आहेत, चाळीस हजारांच्या वर. नुसतं नाव टाकू नका, स्पेलिंगमुळे हाती काही लागणार नाही. रेजिमेंटच्या रकान्यात १०३, ११०, ११७ आणि मग ११४ पण, एकेक करून बघा, आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेलं असतं. 'खेड, रत्नागिरी' दिसलं की थांबा. ११० किंवा तसलं काही निघालं आणि तारीख एप्रिल १९१६ च्या नंतरची असली, तर तो कैदेत गेला असण्याची शक्यता खूप. मग रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन टाकलीत, तिकडे वळा.

आणि गावात कुठे, चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत, संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा पाट्या तेव्हा सरकारने बऱ्याच गावांत लावल्या होत्या. नावं नसतात, आकडेच असतात, पण ते आकडे कोतवाल बुकाशी ताडून बघता येतात.

खाडीपलीकडचा:

पाटी आहे! ग्रामदेवतेच्या देवळाच्या पायरीजवळ, चुना मारून मारून अक्षरं बुजलीत, लहानपणी आम्ही तिच्यावर बसून आवळे खायचो. कोणी वाचलीच नाही कधी. पुढच्या खेपेला चुना काढून बघतो, गुरवांना विचारून. भावाचं नाव आत्याआजीला आठवतंय, पण ते घरातलं हाकेचं नाव, कागदावरचं वेगळं असेल.

जुनं_दप्तर:

हाकेच्या नावाचं टेन्शन घेऊ नका. पणजोबा हयात असताना जमिनीच्या वारसाचा फेरफार झाला असेल ना, त्यांच्या वडिलांच्या पश्चात? त्यात सगळ्या मुलांची कागदावरची नावं येतात, 'लढाईत मयत' असा शेरा पण मी पाहिलाय. जमीन खोताची असेल आणि तुम्ही कूळ असाल तर मात्र त्या काळच्या फेरफारात तुमचं घर दिसणार नाही, मग कोतवाल बुकात दोन्ही भावांचे जन्म शोधायचे. पणजोबांची नोंद १८९७-९८ मध्ये मिळाली की त्याच बापाच्या नावाने पुढची पाच-सहा वर्षं उलटत जायचं. मोडी वाचायला अडलात तर पानाचा फोटो इथेच टाका.

चौकस_चिपळूण:

चुना खरवडताना लोखंडी ब्रश वापरू नका, ओलं फडकं ठेवून मऊ होऊ द्या आधी. आणि चुलतभावाचं पोस्टर अजून डिलीट करायला सांगू नका, भावाची पलटण कळेपर्यंत राहू द्या.